गळती उन्हाळ्यातच लागते

मृगाच्या पहिल्या सरीत छत गळलं की दोष पावसाला जातो. मीही तो पावसालाच दिला, आणि त्या चुकीच्या समजुतीवर पुढची सगळी कामं केली. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची गळती एप्रिल-मेमध्ये तयार होते. जूनमध्ये ती दिसते, एवढंच. हे कळेपर्यंत माझ्या कॅराव्हॅनची एक भिंत आतून कुजली होती आणि माझ्या हलगर्जीपणाचा त्रास एका मित्राच्या लहान मुलाने भोगला होता. ही दुसरी गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. आज सगळं लिहितो.

गाडी म्हणजे कारच्या मागे जोडायची दोन चाकांची छोटी कॅराव्हॅन. 4 मीटर लांबीची खोली, लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि दोन्हींच्या मध्ये थर्माकोल. 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर आपल्याकडे या गाड्यांबद्दल बरंच बोललं जाऊ लागलं. मला ती हवी होती पक्ष्यांसाठी. जायकवाडीच्या नाथसागराला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. थंडीत तिथे रोहित येतात, पट्टकादंब येतात, चक्रवाकांच्या जोड्या उथळ पाण्यात दिसतात. शहरातून कितीही लवकर निघालं तरी पाण्याकाठी पोचेपर्यंत ऊन चढू लागतं. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात आदल्या संध्याकाळी गाडी लावली की उजाडायच्या आधी दुर्बीण घेऊन बांधावर जाता येतं. गाडी जुनीच घेतली. घेताना बिछाना पाहिला, दिवे लावून पाहिले, टायर पाहिले. छतावर चढलो नाही.

हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे माझी नोकरीच पाणी अडवण्याची होती. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी रबराच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. गाड्यांच्या दारा-खिडक्यांना लागणाऱ्या पट्ट्या आम्ही बनवायचो. ईपीडीएम रबराची पट्टी 70 अंशांच्या भट्टीत काही दिवस ठेवायची, बाहेर काढून तिचा कडकपणा आणि ताण मोजायचा. ताणलेली पट्टी ओझोनच्या पेटीत ठेवून तिला तडे जातात का ते भिंगाखाली बघायचं. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या रबराचं काय होईल, याचा अंदाज आम्ही असा घेत असू. आणि ज्या कार कारखान्यांना आम्ही माल द्यायचो, तिथे तयार झालेली कार पाण्याच्या फवाऱ्याखालून गेल्याशिवाय दारातून बाहेर पडत नसे. ही शॉवर टेस्ट मी उभं राहून पाहिलेली. स्वतःच्या गाडीवर मात्र मी कधी साधा पाइपसुद्धा धरला नाही. आपली गाडी, हळूहळू कळेल काय ते, असं मनात होतं.

पहिली चूक जागेची. हिवाळा संपला की गाडी बीड बायपासजवळच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहायची, लांब बाजू थेट पश्चिमेला. पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, हे इथल्या प्रत्येक घर बांधणाऱ्याला माहीत असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 40 ते 42 अंशांवर असतो, तो सावलीतला. उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. तो 65 अंशांच्या पुढे सहज जातो आणि पहाटे 25-26 अंशांवर येतो. आता हिशेब बघा. दर अंशाला ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत 23 भाग वाढतं, लोखंड 12 भाग. म्हणजे 4 मीटरचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांबतो आणि रात्री परत आखडतो. त्याला धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा तेवढाच तापला तरी जेमतेम निम्मा हलतो. प्लायवूड तर जवळपास हलतच नाही. आणि हे तिन्ही एकमेकांना स्क्रूने जखडलेले. मार्चपासून जूनपर्यंत रोज ही ओढाताण चालते. ती सोसायची असते सांध्यातल्या दोन-तीन मिलिमीटर सीलंटने. सीलंट नवं आणि लवचीक असेल तर ते ताणलं जातं, परत येतं. जुनं, उन्हाने कडक झालेलं असेल तर एका कडेने सुटतं. केसाएवढी फट पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही.

मग वळवाचा पाऊस येतो. तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी पडतं, पत्रा झटक्यात आखडतो. भिंतीच्या पोकळीतली गरम हवाही त्याच क्षणी थंड होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी त्या फटीतून आत ओढून घेते. माझ्या गाडीत पहिलं पाणी शिरलं ते असं, मेच्या शेवटी, दहा मिनिटांच्या सरीत. आत एक थेंब पडला नाही. सगळं थर्माकोलमागे जिरलं.

थेंब दिसला तो आषाढात झड लागल्यावर. आमच्याकडे पाऊस एकूण कमी, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बराचसा सरी-वादळांचा. पण झड लागली की दोन-दोन दिवस बारीक पाणी थांबत नाही, आणि सांध्यांची खरी परीक्षा ती घेते. पलंगाच्या उशाला, खिडकीच्या वर, पाणी टपकताना दिसलं. मी खिडकी गळते असं धरलं. दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि खिडकीच्या चारी बाजूंनी, बाहेरून आणि आतून, भरून टाकली. टपकणं थांबलं. मला फार बरं वाटलं.

त्या एका संध्याकाळच्या कामात मी तीन चुका केल्या होत्या.

जिथे टपकतं तिथून पाणी शिरत नाही. माझ्या गाडीत ते शिरत होतं छताच्या पुढच्या कडेला, सोलर पॅनेलच्या क्लॅम्पपाशी. ते पॅनेल मीच बसवून घेतलं होतं. कारागिराने विचारलं होतं, सांगाड्याचा पाइप शोधून त्यात स्क्रू मारू का. मी घाईत होतो. म्हणालो, मार पत्र्यातच. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू गाडी चालताना हलत राहतो आणि आपलं भोक मोठं करतो. वर तो साधा लोखंडी स्क्रू. ओल्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि पकडच राहत नाही. तिथून आत गेलेलं पाणी सांगाड्याच्या आडव्या पाइपावरून वाहत वाहत दीड मीटर मागे खिडकीवर येत होतं.

दुसरी चूक आतून बुजवण्याची. आतली वाट बंद केल्याने पाण्याचं शिरणं थांबलं नाही, त्याचं बाहेर पडणं थांबलं. टपकत होतं तोवर निदान भिंत रिकामी होत होती. मी ते पाणी प्लायवूडच्या मागे कोंडलं.

तिसरी चूक सिलिकॉनची, आणि रबरात आयुष्य काढलेल्या माणसाला ती माफ नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. काचेला ते ठीक, धातूला वाईट. त्याहून मोठी अडचण नंतर येते. सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही. ना रंग, ना वेगळं सीलंट, ना नवं सिलिकॉन. एकदा ते लागलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती ते खरवडून काढण्यापासून सुरू होते, आणि उरलेला न दिसणारा थरही नवा जोड सोडवतो. पत्र्यांच्या सांध्याला लागतं पॉलियुरेथेन सीलंट, ज्याला बसबॉडीवाले नुसतं पीयू म्हणतात. आणि खिडकी, झरोका, क्लॅम्प यांच्या खाली लागते ब्युटाइलची चिकट पट्टी, जी कधी पूर्ण वाळत नाही आणि म्हणून पत्र्याबरोबर हलत राहते. आमचं शहर गाड्या घडवणारं आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, कुठल्याही बाजूला तासभर फिरलं तरी हे सांगणारा माणूस भेटतो. मी कुणालाच विचारलं नाही.

सिलिकॉन लावल्यावरही मन पुरतं निर्धास्त नव्हतं, म्हणून मी गाडीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री टाकली आणि दोरीने गच्च आवळली. श्रावण-भाद्रपद गाडी त्याच अवस्थेत होती. प्लास्टिक पत्र्याला चिकटलेलं, खाली वारा नाही. वरून पाणी आलं नाही, पण भिंतीत आधीच मुरलेलं पाणी उघडीप मिळाली की वाफ होऊन वर यायचं, प्लास्टिकखाली थंड पत्र्यावर थेंब होऊन बसायचं आणि पुन्हा त्याच सांध्यांत उतरायचं. वाऱ्याने फडफडणाऱ्या कडांनी रंग घासला तो वेगळाच. पुढच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकचे धागे सुटून प्लॉटभर उडाले.

पुढे मोंढ्यात एका ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने मला आधी गाडीची मापं विचारली नाहीत. विचारलं, "साहेब, वारा कुठून खेळवणार?" ट्रकवाल्यांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ताडपत्र्या शिवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, सहा-सहा महिने कोपीत राहतात. कोपीला मध्ये कणा असतो, दोन्ही बाजूंना उतार असतो, भोवती पाणी जायला चर खणलेला असतो. तो म्हणाला, "गाडीला गुंडाळायची नसती. वर कणा घ्या बांबूचा, हातभर उंच. ताडपत्री त्याच्यावर टाका, खाली हवा फिरू द्या. गाडी झाकू नका, गाडीला छप्पर करा." इतकी नेमकी गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती, कारण मी ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. त्या लोकांचं घर सहा महिने ताडपत्रीखाली असतं; त्यांच्याइतकं याबाबतीत अधिकाराने बोलणारं दुसरं कोण असणार?

आता ती गोष्ट, जी लिहायला मला जड जातं.

त्या हिवाळ्यात गाडीत कुबट वास येऊ लागला. खिडकीखालच्या प्लायवूडवर काळे ठिपके उमटले. मी फिनाइलच्या बोळ्याने ते पुसले, पडदे धुतले, आत धूप जाळला. पत्नी म्हणाली, "अहो, वास झाकताय कशाला? येतो कुठून ते बघा ना." मी म्हणालो, गाडी बंद असते म्हणून येतो. खरं तर मला कळलं होतं. भिंतीत ओल आहे, भिंत उघडावी लागणार, गाडी हिवाळाभर वापरता येणार नाही, हे सगळं मला कळत होतं. नाथसागरावर पक्षी आलेले होते आणि मला ते दिवस सोडायचे नव्हते.

त्यातच एका जुन्या सहकाऱ्याने लोणारला जायला गाडी मागितली. बायको आणि लहान मुलगा बरोबर. निघताना वहिनींनी आत डोकावून विचारलं, "भाऊजी, वास येतोय का हो थोडा?" मी हसून सांगितलं, खिडक्या उघड्या ठेवा, जाईल. मुलाला बाळदमा आहे हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी मी त्याच्या हातात इनहेलर पाहिलेला होता. थंडी होती, रात्री त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि मध्यरात्री मुलाला धाप लागली. जवळच्या दवाखान्यात नेबुलायझर दिल्यावर तो सावरला. दुसऱ्या दिवशी गाडी परत करताना मित्र म्हणाला, हवा बदलली, थंडी लागली असेल. मी मान हलवली. गप्प राहिलो. मुलाची धाप त्या बुरशीमुळेच लागली असं कुणा डॉक्टरने म्हटलं नाही, आणि त्या आडोशाला मी पुढे बरेच दिवस बसून राहिलो.

होळीनंतर भिंत उघडली. प्लायवूडचे थर एकमेकांपासून सुटे झाले होते. स्क्रू काढावे लागले नाहीत, फळी हातात आली. मागे थर्माकोलवर काळी बुरशी, खाली सांगाड्याच्या पाइपावर गंजाचे पापुद्रे, आणि तळाच्या पट्टीत चक्क साचलेलं पाणी. शेवटच्या पावसाला पाच महिने झाल्यावर. त्याच संध्याकाळी मी मित्राच्या घरी गेलो आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा एवढंच म्हणाला असता ना भाऊजी, की ओल आहे, तर आम्ही गेलोच नसतो." यावर मला काही उत्तर नव्हतं, आजही नाही. येणं-जाणं चालू आहे, पण तो मुलगा आमच्या गाडीत पाय ठेवत नाही, आणि मी त्याला कधी बोलावलंही नाही.

दुरुस्ती त्या चैत्र-वैशाखात केली. भिंत उघडी ठेवून सुकवली. इथली कोरडी हवा मार्च-एप्रिलमध्ये हे काम फुकट करते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. लाकडात दोन सुया टोचून ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो, म्हणून जुनं जे लाकूड ठेवायचं होतं ते त्याच्या बरंच खाली येईपर्यंत मी काहीही बंद केलं नाही. आधीचं प्लायवूड साध्या एमआर प्रतीचं होतं, घरातल्या कपाटासाठी चालणारं. नवं मरीन प्रतीचं घेतलं, आयएस 710 छाप बघून, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला रंग भरला, कारण पाणी कडेतून चढतं. गंज घासून झिंकचा प्रायमर दिला. छतावरचं पॅनेल काढून सगळी भोकं बुजवली आणि पॅनेल सांगाड्यात घट्ट केलेल्या पट्ट्यांवर, खाली ब्युटाइल घालून, बसवलं.

मग गळती शोधायची योग्य रीत वापरली. गाडीची दारं-खिडक्या बंद करून एका झरोक्यातून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे फट तिथे बुडबुडे. एका दुपारात सगळे चोर सांधे दिसले. त्यातले बरेच मला कधीच सापडले नसते. त्यानंतर पाइपाने पाणी मारलं, तेही खालून वर सरकत, एकेका सांध्यावर थांबत. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठल्या सांध्याने दगा दिला ते कळत नाही.

चालत्या गाडीतल्या पावसाचा विचार तर मी केलाच नव्हता. ताशी 70 किलोमीटरने जाताना समोरच्या पत्र्यावर वाऱ्याचा जो दाब येतो, तो पाण्याला सांध्यात दोनेक सेंटीमीटर वर ढकलू शकतो. उभ्या गाडीत न गळणारी पुढची खिडकी पैठण रस्त्यावर गळते ती म्हणून. दाबाने पाणी वर चढतं हे आमच्या गावच्या माणसाने विसरायला नको होतं. पाणचक्कीत डोंगराकडून खापरी नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढून खाली पडताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आणि उतार. आजोळचं घर माळवदाचं होतं. मृग निघायच्या आधी आजी गड्याकडून पांढरीची माती वर नेऊन घ्यायची आणि स्वतः माळवदावर उभी राहून ती पसरवून घ्यायची. तिचं सगळं लक्ष असायचं पन्हाळीकडे. पाणी कुठेही थांबता कामा नये, पडल्या पडल्या पन्हाळीला लागलं पाहिजे, म्हणून ती घागरभर पाणी ओतून ते कसं पळतं ते बघायची. कॅराव्हॅनचं छतही सपाट, आणि मी ती आठ महिने पाणसळ लावून अगदी समतल उभी करत होतो, म्हणजे दारं नीट बसावीत. छताच्या मधोमध उथळ तळं साचायचं, त्यात शेजारच्या कडुनिंबाचा पाला कुजायचा. आता पुढच्या टोकाचं आधाराचं छोटं चाक खाली घेऊन गाडीचं नाक उतरतं ठेवतो. पाणी पुढच्या पन्हाळीतून, दाराच्या उलट बाजूला पडतं. त्यासाठी कसलाही खर्च आला नाही.

खिडक्यांची रबरं बदलली, ती ईपीडीएमची. जुनी काढून बोटांत वाकवली तर तडकली. अशी पट्टी माझ्या टेबलावर आली असती तर मी ती क्षणात नापास केली असती.

गाडी आता पूर्व-पश्चिम उभी असते, वर बांबूच्या कण्यावर सुती ताडपत्री, चारी बाजूंनी वारा. छताचे सांधे होळीच्या सुमारास बघतो, आणि जे उकरायचं, भरायचं ते अक्षय तृतीयेच्या आत आटोपतो. तेही सकाळी, पत्रा ना गार ना तापलेला असताना, म्हणजे सीलंटला दोन्ही बाजूंना ताण सोसता येतो. आभाळ भरून आल्यावर नळी घेऊन छतावर धावणं बंद केलंय. ओल्या सांध्यावर काहीही धरत नाही.

गेल्या हस्ताच्या पावसात मागच्या डाव्या कोपऱ्याची पट्टी थोडी ओली लागली. यंत्राने 17 टक्के दाखवले. तिथे जुनं सिलिकॉन पुरतं निघालेलं नाही, असा माझा अंदाज आहे. आतली फळी त्याच दिवशी काढून ठेवली, ती अजून उघडीच आहे. या हिवाळ्यात एका शेजाऱ्याने वेरूळ-म्हैसमाळला जायला गाडी मागितली. त्याला तो कोपरा दाखवला, बोट लावून बघायला सांगितलं, आणि मगच विचारलं, नेणार का. तो म्हणाला, नीट झाल्यावर नेतो.